पेन्सिलीच्या तीन ओळी

त्या केसपेपरच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी होत्या, आणि खोडण्यापूर्वी त्या मी वाचल्या होत्या. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मेट्रनबाईंनी सरळ विचारलं तेव्हा त्यांना नाही, आणि जिने ते ऐकायला हवं होतं तिला तर नाहीच. लोक मला अबोल समजतात. घरीही तसंच समजतात. मी त्या समजुतीच्या आड बरीच वर्षं बसून राहिलो.

रत्नागिरीत एका ट्रस्टचं चाळीस खाटांचं रुग्णालय होतं, तिथे मी रेकॉर्ड क्लार्क होतो. त्याचं नाव लिहीत नाही. आता ते त्या स्वरूपात राहिलेलंही नाही. जिन्याखाली माझी खोली होती. भिंती जांभ्याच्या, त्यामुळे पावसाळ्यात चार महिने भिंतीला ओल आणि कागदांना बाक. गठ्ठ्यांमध्ये डांबरगोळ्या टाकून मी ते सांभाळत असे. रुग्ण घरी गेला की त्याचा केसपेपर माझ्याकडे यायचा, मी तो तपासून, नंबर घालून, गठ्ठ्यात बांधायचो. काम कंटाळवाणं होतं, पण मला आवडायचं. कागद उलटून बोलत नाहीत.

आमच्याकडे एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात पाहिली नाही. ताप आणि नाडीचा तक्ता सिस्टरांनी शाईने भरायचा. पण त्यापलीकडे त्यांना जे काही दिसेल, म्हणजे रुग्ण घाबराघुबरा झालाय, पोट फुगलंय, जखमेला वास येतोय, ते केसपेपरच्या कडेला पेन्सिलीने लिहायचं. डॉक्टर राउंडला आले की त्यातलं वाचायचे. पटलं तर म्हणायचे, "हे पक्कं करा," आणि मग सिस्टर त्यावर शाईने गिरवायच्या. बाकीचं पेन्सिलीतच राहायचं, आणि ते खोडणं हे माझं काम होतं.

कारण असं सांगत की केसपेपर हा कायद्याचा कागद आहे, उद्या कोर्टात गेला तर त्यात सिस्टरचं मत कशाला? जुन्या सिस्टर मात्र वेगळं सांगायच्या. कधीतरी स्नेहसंमेलनात कोणा सिस्टरची इंग्रजीतली नोंद माइकवरून वाचून दाखवली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. त्यानंतर हा नियम आला म्हणे. खरंखोटं मला माहीत नाही. मी लागलो तेव्हा पद्धत होतीच, आणि असलेल्या पद्धतीला कोणी कारण विचारत नाही.

मी त्या कामात तरबेज झालो होतो. दोन रबर ठेवायचो, एक मऊ आणि एक जरा कडक. कचरा झटकायला जुना दाढीचा ब्रश, कारण फुंकर मारली की थुंकी उडते आणि कागदाला डाग पडतो. बाहेरून कोणी पाहुणे आले की मोठे डॉक्टर त्यांना माझ्या खोलीत आणायचे. "आमचे पेपर बघा," म्हणायचे. "आरसा आहे आरसा." पाहुणे गेल्यावरही ते वाक्य मला संध्याकाळपर्यंत पुरायचं.

त्या दिवसांत सिस्टरांकडे मी कसं पाहत होतो हेही सांगायला हवं. पाहतच नव्हतो. त्या सगळ्या 'सिस्टर' होत्या. एकदा पोस्टमन एक पाकीट घेऊन आला आणि नाव वाचून म्हणाला, "ह्या कोण?" काउंटरवर आम्ही चौघे होतो. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी आया म्हणाली, "अहो, बायकांच्या वॉर्डातल्या उंच सिस्टर त्या." ती सिस्टर आमच्याकडे सहा वर्षं होती. राउंडला त्यांनी ट्रे धरून अर्धं पाऊल मागे चालायचं. डॉक्टर आले की उठून उभं राहायचं. आपण होऊन काही सांगितलं तर त्यावर उत्तर ठरलेलं, "सिस्टर, डॉक्टर तुम्ही की मी?" लोक हसायचे. मीही हसायचो.

जिच्याबद्दल मी लिहितो आहे ती दुसरी, दापोलीकडच्या बुरोंडी गावची. मागे आम्ही सगळेच 'ती बुरोंडीवाली' म्हणत असू. इथून पुढे मी 'त्या' लिहिणार आहे, उशिरा का होईना. वडील मासेमारी करायचे. होडीतला आपला वाटा विकून त्यांनी मुलीला मुंबईला नर्सिंग शिकायला पाठवलं होतं. नर्स झालेली गावातली ती पहिलीच मुलगी, असं मेट्रनबाई सांगायच्या. आमच्याकडे आल्या तेव्हा तिशीच्या असतील. बोलणं किनाऱ्यावरच्या माणसांचं, मोठ्या आवाजात, वाऱ्यावरून हाक मारल्यासारखं. नोंदी मराठीत करायच्या. इंग्रजीत लिहून हसू करून घेण्यापेक्षा हे बरं, म्हणायच्या.

आणि पेन्सिल दाबून लिहायच्या. बाकीच्या सिस्टर हलक्या हाताने लिहीत, माझी सोय म्हणून. यांच्या नोंदी खोडायला मला कडक रबर घ्यावा लागे. एकदा औषधांची यादी घेऊन त्या खाली आल्या, तेव्हा मी म्हटलं,

"सिस्टर, जरा हात हलका ठेवा की. माझा रबर झिजतो तुमच्यापायी."

"भाऊ, झिजू दे. ट्रस्टचा आहे."

"पण खोडायचंच आहे ते शेवटी."

"मी खोडायला लिहिते असं समजता काय? मी राहायला लिहिते," त्या म्हणाल्या, आणि यादी टेबलावर ठेवून हसत निघून गेल्या. मला राग आला नव्हता. बाई फटकळ आहे, एवढंच मनात आलं.

नव्याण्णव सालचा आंब्याचा हंगाम होता. दुपारी रस्त्यात पेट्यांनी भरलेले टेंपो आणि दवाखान्यात झाडावरून पडलेली माणसं, हे आमच्याकडे दर वर्षीचं. त्या दिवशी सकाळी चाळिशीचा एक गडी आणला. आंबे उतरवायचा झेला हातात घेऊन फांदीवर उभा होता, फांदी मोडली. गुडघ्याखाली पाय मोडला होता. मोठे डॉक्टर हाडांचेच होते. त्यांनी दुपारी बाराच्या सुमाराला प्लास्टर घातलं.

पुढचं मला कळलं ते त्या तीन ओळींतून. त्या ओळी मला पाठ आहेत.

पहिली: "दु. ४.१० — पायाची बोटं गार, निळसर. प्लास्टर आवळतंय म्हणतो. डॉक्टरांना सांगितलं."

दुसरी: "सायं. ६.३० — बोटं हलवता येत नाहीत. दुखणं इंजेक्शनने थांबत नाही. डॉक्टरांना फोनवर सांगितलं. सकाळी बघू म्हणाले."

आठला त्यांची ड्युटी संपली. रात्रपाळीची कडेला एकही नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्यांनी तिसरी लिहिली: "स. ७.०० — बोटांना स्पर्श कळत नाही. प्लास्टर कापायला हवं असं वाटतं."

प्लास्टर डॉक्टरांच्या हुकुमाशिवाय सिस्टरने कापायचं नसतं. हुकूम दहा वाजता, राउंडला मिळाला. कापल्यावर आतला पाय काळा पडलेला निघाला. अकराच्या सुमाराला त्याला जीपमध्ये घालून कोल्हापूरला पाठवलं. तिथे गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

जीप निघाली तेव्हा मी पोर्चमध्ये होतो. जेवणानंतर त्या दिवसाचे केसपेपर खाली आले, दहा-अकरा असतील. त्यात हा होता. जीपमधून जो गेला त्याचाच पेपर आहे हे मला पहिल्या पानावरच कळलं. मी तिन्ही ओळी वाचल्या. एकदा नाही, दोनदा. शाईने एकही गिरवलेली नव्हती. म्हणजे नियमाप्रमाणे खोडायच्या.

मला कोणी सांगितलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण डॉक्टरांनी बोलावून सांगितलं असं लिहिलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. डॉक्टर त्या वेळी वर ऑपरेशनला होते. माझ्या खोलीत मी एकटा होतो आणि टेबलावर रबर होता. थोडा वेळ मी थांबलो, एवढं खरं. मग वाटलं, आपण कोण ठरवणार? आणि मी कडक रबर घेतला. तीन वेळा घासावं लागलं. ब्रशने झटकलं, नंबर घातला, गठ्ठ्यात ठेवलं आणि चहाला गेलो.

आठवड्याने त्या माणसाचा भाऊ आला. बरोबर गावातले दोघे. आरडाओरडा काही नाही. काउंटरवर हात ठेवून तो म्हणाला,

"माझ्या भावाने सांगितलान ना, प्लास्टर आवळतंय म्हणून. दोनदा सांगितलान. मग कोणी बघितलान का नाही? एवढंच विचारायला आलोत."

"डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं.

"विचारलं. ते म्हणतात मला कोणी कळवलंच नाही. आता कोणाला विचारू? तुम्हीच सांगा, कोणाला विचारायचं असतं ते."

एवढ्याने चौकशी लागली. लागली म्हणजे ट्रस्टच्या अध्यक्षांच्या खोलीत एक दुपारची बैठक. अध्यक्ष आंबा बागायतदार, वयस्कर, भला माणूस. हंगामाच्या ऐन गर्दीतून आले होते आणि सारखे घड्याळाकडे बघत होते. मोठे डॉक्टर, आणखी दोन ट्रस्टी, मेट्रनबाई आणि बुरोंडीच्या सिस्टर. केसपेपर घेऊन मला बोलावलं.

मी दारात गेलो तेव्हा मेट्रनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि सिस्टर टेबलासमोर उभ्या होत्या. एक खुर्ची रिकामी होती. डॉक्टर मला म्हणाले, "या भाऊसाहेब. बसा ना."

त्या खोलीत मी अनेकदा गेलो होतो, बसलो कधी नव्हतो. मी बसलो. दोन बायका उभ्या आहेत हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि तरी मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते वाटलं होतं.

"सिस्टर म्हणतात, मी दोनदा कळवलं," अध्यक्ष म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, नाही. बरोबर?"

"चार वाजून दहा मिनिटांनी तुमच्या केबिनच्या दारात येऊन सांगितलं," सिस्टर डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, नवं प्लास्टर आहे, दुखणारच. मग साडेसहाला फोन केला. सकाळीही काय वाटलं ते लिहिलं. तिन्ही वेळा लिहिलंय."

"दिवसातून पन्नास वेळा सिस्टर काही ना काही सांगत असतात," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "लिहिलंय तर दाखवा. कागद समोर आहे."

मी कागद टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी चष्मा लावून दोन्ही बाजू पाहिल्या. कड स्वच्छ होती. मग त्यांनी मला विचारलं, अगदी साधेपणाने,

"भाऊसाहेब, इथे पेन्सिलीचं काही होतं? तुमच्याकडे आला तेव्हा?"

या प्रश्नाचं उत्तर देताना माझ्या मनात काय चाललं होतं ते मी पुढे कितीतरी वेळा जुळवून पाहिलं. नोकरी जाईल अशी भीती? थोडी. डॉक्टरांचा धाक? होता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी सगळ्यात मोठी गोष्ट ही होती, की 'होतं' म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, 'मग कुठे गेलं?' आणि आरशासारखे कागद ठेवणारा माणूस म्हणून जे माझं नाव होतं, ते सहा माणसांसमोर जाणार. माझी अब्रू माझ्या रबरात होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "पेन्सिलीचं काही नव्हतं."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ऐकण्यात चूक झाली असावी तसं पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी कागद उचलला आणि खिडकीकडे तिरपा धरला.

"इथे दाब दिसतोय बघा," त्या म्हणाल्या. "अक्षर उमटलंय. मी दाबून लिहिते. भाऊंना माहीत आहे. हो ना हो भाऊ?"

"सिस्टर, आता तुम्ही हस्ताक्षरतज्ज्ञ पण झालात," डॉक्टर म्हणाले. ट्रस्टींपैकी एक जण हसले. अध्यक्षांनी कागद हातात घेतला नाही. एकाही माणसाने तो उजेडात धरून पाहिला नाही. मला पाहायची गरज नव्हती. मी टेबलाच्या कडेला बोट फिरवत बसून राहिलो.

निर्णय असा झाला की सिस्टरनी लेखी माफी द्यावी, मग प्रकरण मिटवू. कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

त्यांनी पेनाकडे पाहिलं. "शाईने माझ्याकडून एवढंच लिहून घेणार होय तुम्ही?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. पेनाला त्यांनी हात लावला नाही.

तीन दिवसांनी त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र निघालं. मला टायपिंग येत होतं, म्हणून ते मीच टाइप केलं, दोन कार्बन घालून. 'कर्तव्यात हलगर्जीपणा केल्यामुळे' हे शब्द माझ्या बोटांनी उमटवले. हे पत्र हातात असलेल्या नर्सला सरकारी नोकरी मिळत नाही, मोठ्या दवाखान्यात तर उभं करत नाहीत. ते मला ठाऊक होतं. त्या पत्र न्यायला आल्या तेव्हा मी जाग्यावर नव्हतो. म्हणजे होतो, पण मागच्या दाराने अंगणात गेलो आणि फणसाखाली उभा राहिलो, त्या जाईपर्यंत.

मेट्रनबाई त्याच आठवड्यात माझ्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं.

"खरंच काही नव्हतं का रे त्यावर?" त्या मला अरे-तुरे करीत, वयाने मोठ्या होत्या.

"नव्हतं, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. जाताना टेबलावरचा कडक रबर त्यांनी उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

त्यानंतर हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. केसपेपर कोरे येऊ लागले. ताप-नाडी शाईने भरलेली, कडा मोकळ्या. आधी वाटलं नव्या सिस्टर आल्यात, सवय नसेल. पण जुन्यांचेही तसेच. कोणी घाबराघुबरा होत नव्हता, कोणाचं पोट फुगत नव्हतं, कोणाच्या जखमेला वास येत नव्हता, निदान कागदावर तरी. विचारलं तर सांगायच्या, "आम्ही कशाला लिहायचं, भाऊ? डॉक्टर बघतील." पावसाळा गेला, दिवाळी आली, माझा रबर तेवढाच राहिला. मोठे डॉक्टर एका पाहुण्याला म्हणाले, "आता तर आमचे पेपर जन्मतःच स्वच्छ." हे वाक्य मला काही पुरलं नाही.

पाच वर्षं गेली. दोन हजार चारच्या जूनमध्ये मी दापोलीला गेलो, कृषी विद्यापीठातून कलमं आणायला. परसात दोन खड्डे करून ठेवले होते. एसटीच्या खिडकीचा गंजका पत्रा हाताला लागला आणि तळवा चांगलाच कापला. स्टँडवर उतरून विचारलं, तर कोणीतरी जवळचा दवाखाना दाखवला. छोटासा, बाहेर बाक, आत पडद्यामागे डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं म्हणून मी बसलो.

"पुढचे कोण?" आतून आवाज आला, वाऱ्यावरून हाक मारल्यासारखा.

त्यांनी मला आधी ओळखलं. साध्या साडीत होत्या, केस थोडे पिकलेले.

"भाऊ, तुम्ही? दापोलीत कुठे?"

"कलमं न्यायला आलो होतो."

"हापूस लावताय वाटतं. सात वर्षं थांबावं लागेल हो." बोलता बोलता त्यांनी माझा तळवा धुतला. "बाही वर घ्या. हात सैल सोडा. काय हे, आकडी आल्यासारखा धरलाय."

मी हात सैल सोडला. सुई टोचल्याचं कळलंही नाही. त्यांचा हात हलका होता. पेन्सिलीवर तेवढा जड.

"इथे असता?" मी विचारलं.

"पाच वर्षं झाली. नर्स म्हणून नाही हो, मदतनीस म्हणून. इथे सिस्टर पण नाही म्हणत, बाई म्हणतात. डॉक्टर चांगले आहेत. बघते ते सांगते, ऐकतात." मग बोळा दाबून धरत त्यांनी विचारलं, "त्या माणसाचं काय झालं, कळलं का कधी?"

मला माहीत होतं. त्याच्या गावच्या एसटी थांब्यावर त्याने पानाची टपरी टाकली होती. कुबडी टपरीला टेकवलेली असते. मी दोनदा त्या गाडीने गेलो होतो आणि दोनदा दुसरीकडे तोंड करून बसलो होतो. मी एवढंच सांगितलं, की टपरी आहे, बरं चाललंय.

"बसून असतो म्हणजे," त्या म्हणाल्या. "झाडावर चढणारा माणूस." बोळा उलटा करून त्यांनी पुन्हा दाबला. "भाऊ, तुम्हाला म्हणून सांगते. सकाळी सातला प्लास्टर कापायची कात्री माझ्या हातात होती. हुकूम नव्हता म्हणून ठेवली परत. ते एक राहून गेलं. आणि दुसरं म्हणजे..."

"काय?"

"आता मलाच कधी कधी कळेनासं होतं. मी लिहिलं होतं, की लिहिलं असं नुसतं मनात धरून बसले? तुम्ही म्हणालात काही नव्हतं. डॉक्टरांचं सोडा, त्यांना कारण होतं. तुम्हाला खोटं बोलायचं काय कारण? त्या दिवशी मला दाब दिसला असं वाटलं, पण खिडकीच्या उजेडात माणसाला हवं ते दिसतं. चारला सांगितलं ते आठवतं. फोन आठवतो. लिहिलेलं मात्र... आईशप्पथ, आता छातीवर हात ठेवून नाही सांगता येत."

बोळा माझ्या दंडावर होता आणि त्यांचं बोट बोळ्यावर. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, या लेखाच्या पहिल्या ओळीत आहे तेच. पडद्यामागून डॉक्टरांचा आवाज आला, "बाई, पुढचा पाठवा." त्यांनी बोट उचललं. मी बाही खाली केली.

"कलमांना पहिल्या वर्षी पाणी जपून घाला," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो आणि बाहेर आलो. कलमं न घेता रत्नागिरीच्या गाडीत बसलो. बायकोला सांगितलं, संपली होती. परसातले खड्डे पावसाने आपोआप बुजले.

बैठकीतलं खोटं मी घाबरून बोललो होतो. दापोलीत मला कोणाचीच भीती नव्हती. डॉक्टर दुसरे, खोली दुसरी, खुर्ची-टेबल कोणाचं नाही. तिथे मी गप्प बसलो ते कशासाठी, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पाय गेला तो माझ्यामुळे नाही, ती नोकरी एकट्या माझ्यामुळे गेली असंही नाही, असा हिशेब मी पूर्वी मनाशी मांडायचो. त्यांच्या डोक्यातून त्यांचीच आठवण गेली, ती मात्र माझ्यामुळे. एका धडधाकट बाईला आपण डोळ्यांनी पाहून हाताने लिहिलेलं खरं वाटेनासं झालं होतं, आणि त्याला दुसरा कोणी जबाबदार नव्हता.

पुढे ट्रस्टने रुग्णालय दुसऱ्यांना चालवायला दिलं. जुने गठ्ठे रद्दीत काढायचे ठरलं आणि ते वेगळे करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. नव्याण्णवच्या एप्रिलचा गठ्ठा मी हाताने सोडला. कागद वाळवीने एका कडेला खाल्ला होता, पण नोंदींची कड शाबूत होती. तो एक कागद मी घडी न घालता शर्टाच्या आत ठेवून घरी आणला.

एका रविवारी दुपारी, घरी कोणी नसताना, मी एक मऊ पेन्सिल घेतली आणि टोक आडवं धरून त्या कडेवरून हलकेच फिरवली. आयुष्यभर खोडलं, त्या दिवशी पहिल्यांदा उलटं काम केलं. राखाडी रंगात पांढरी अक्षरं वर आली. आधी चारचा आकडा, मग 'गार', मग 'निळसर'. दाबून लिहिलेलं होतं, त्यामुळे एक वेलांटीही गेली नव्हती. शेवटी 'असं वाटतं'. मी तिन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. घरात माझाच आवाज मला परका वाटला.

तो कागद आता माझ्या कपाटात आहे, प्लास्टिकच्या पाकिटात. दापोलीची गाडी स्टँडवरून रोज सुटते. चार तासांचा रस्ता आहे. त्या अजून त्याच दवाखान्यात आहेत, मी गेल्या महिन्यात फोन करून विचारलं आणि नाव न सांगता ठेवून दिला.

मी बुरोंडीच्या सिस्टरांचं देणं लागतो. तो कागद त्यांच्या हातात द्यायचा आहे, आणि त्यासोबत माझ्या हाताने शाईने लिहिलेला दुसरा: की तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलं होतं, मी खोडलं, आणि विचारलं तेव्हा नाही म्हणालो. त्याची एक प्रत टपरीवर बसलेल्या त्या माणसाला द्यायची आहे. या लेखात मी कोणाचं नाव घातलेलं नाही. त्या कागदावर त्यांचं पूर्ण नाव लागेल, आणि खाली माझं. तो मी अजून लिहिलेला नाही.